बाग विकून पेशी घ्याव्यात का?

पत्र

डॉक्टरबाई, नमस्कार. मी सांगलीत शिक्षिका आहे, माहेर तासगाव तालुक्यात. माझ्या वडिलांना, आप्पांना, नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे. वय ७१. पूर्वी द्राक्षाची कलमं बांधायला त्यांना चार गावांतून बोलावणं यायचं. आता शर्टाचं बटण लागत नाही. गोळी घेतली की दोनेक तास बरं जातं, मग पुन्हा लाकडासारखे होतात. दुपारी जेवणानंतर घेतलेली गोळी तर चढतच नाही. उंबऱ्याशी आले की पाय जमिनीला चिकटतात, पण बागेत वेलींच्या ओळीतून मात्र सरळ चालतात. त्यामुळे वहिनीला वाटतं, निम्मं सोंग आहे.

धाकट्या भावाने मोबाइलवर एका मोठ्या शहरातल्या केंद्राची जाहिरात पाहिली. स्टेम सेलची, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींची, तीन इंजेक्शनं. कमरेच्या हाडातून पेशी काढायच्या आणि मणक्यातून सोडायच्या. साडेआठ लाख रुपये. एका काकांचा व्हिडिओ आहे, आधी थरथरत येतात, नंतर जिना चढतात. भावाने २५ हजारांचं बुकिंग केलंय आणि घरामागची एक एकर बाग विकायला काढलीय. म्हणतो, जपानमध्ये हेच झालंय, पेपरात आलंय. मी शंका काढली तर म्हणाला, "तुला आप्पा बरे व्हायला नकोत, तुझा डोळा वाटणीवर आहे." तेव्हापासून माझं जेवणावर मन नाही. खरं काय ते सांगा. भावाशी कसं बोलू आणि २५ हजार परत मिळतील का, तेही सांगा.

उत्तर

ताई, आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. बाग विकू नका. कमरेच्या हाडातल्या पेशी मणक्यात सोडून पार्किन्सन्स हटतो, याला भरवशाचा पुरावा नाही. पण भावाला वेड्यात काढू नका, कारण त्याने वाचलेली जपानची बातमी खरी आहे. ती खरी असल्यामुळेच त्याला समजावणं अवघड जाणार आहे. म्हणून त्या बातमीपासूनच सुरुवात करते.

क्योटो विद्यापीठातले जुन ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत पेशी बसवण्याचा प्रयोग सुरू केला आणि एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याचा निकाल मांडला. रुग्ण सात, वय ५० ते ६९. त्यांना दिलेल्या पेशी कमरेच्या हाडातून काढून त्याच दुपारी टोचलेल्या नव्हत्या. क्योटोच्याच शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशींवर दाखवून दिलं होतं की पूर्ण वाढलेली पेशी चार जनुकांच्या साहाय्याने उलटी फिरवून गर्भातल्या पेशीइतकी कोवळी करता येते. पुढच्याच वर्षी माणसाच्या पेशींवरही ते साधलं आणि २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं. अशा कोवळ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, डोपामिन, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन, तयार करणाऱ्या मेंदूपेशी होण्याच्या वाटेला लावायच्या, भलत्या पेशी निवडून बाजूला काढायच्या आणि मग कवटीला बारीक छिद्र पाडून, नकाशा आखून, मेंदूतल्या नेमक्या ठिकाणी सोडायच्या, असं ते काम आहे. प्रत्येक बाजूला साधारण २० ते ५५ लाख पेशी. शरीराने त्या परक्या म्हणून मारून टाकू नयेत यासाठी वर्षाहून अधिक काळ प्रतिकारशक्ती दाबणारं औषध द्यावं लागलं.

दोन वर्षांनी पाहिलं तर गंभीर त्रास कोणाला झालेला नव्हता, मेंदूत गाठही झाली नव्हती. सहाजणांच्या हालचाली मोजल्या, त्यातल्या चौघांची औषधाविनाची स्थिती सुधारली होती. त्याच दिवशी त्याच नियतकालिकात अमेरिका आणि कॅनडातल्या बारा रुग्णांचा अभ्यासही छापून आला. तिथल्या पेशी मानवी भ्रूणाच्या स्टेम सेलपासून बनवलेल्या होत्या आणि निकाल तसाच, सावध पण बरा.

सात आणि बारा मिळून एकोणीस माणसं झाली. त्या प्रत्येकाला माहीत होतं की आपल्या डोक्यात पेशी घातल्या आहेत. हे का महत्त्वाचं आहे ते सांगायला मला थोडं मागे जावं लागेल.

१९८७ साली मी मुंबईत निवासी डॉक्टर होते. त्या वर्षी मेक्सिकोच्या इग्नासिओ माद्रासो या शल्यविशारदांचा लेख एका नामांकित अमेरिकी नियतकालिकात आला. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली जी ग्रंथी असते, तिचा गाभा त्यांनी पार्किन्सन्सच्या दोन तरुण रुग्णांच्या मेंदूत बसवला होता. दोघेही चाळिशीच्या आतले आणि दोघेही जवळजवळ बरे झाल्याचं वर्णन. अंक बोटीने आल्यासारखा उशिरा हातात पडला आणि आम्ही तो झडप घालून वाचला. वॉर्डात त्या वेळी एक गृहस्थ होते, त्यांच्या मुलाला मी उत्साहाने सगळं सांगून टाकलं. पुढच्या काही वर्षांत जगभरात शेकडो लोकांवर ती शस्त्रक्रिया झाली. फायदा टिकला नाही. रुग्ण दगावल्यावर मेंदू तपासले तेव्हा घातलेल्या पेशी फारशा जगलेल्याच नव्हत्या. शस्त्रक्रिया गुपचूप बंद पडली. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून तुमच्या भावावर मला रागावता येत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीला स्वीडनमध्ये लुंड इथे ओले लिंडवाल आणि आंदेर्स ब्योर्कलुंड यांच्या चमूने दुसरी वाट धरली. गर्भपातानंतर मिळालेल्या, डोपामिन बनवू पाहणाऱ्या कोवळ्या मेंदूपेशी त्यांनी रुग्णांत बसवल्या. कल्पना समजून घेण्यासारखी आहे. मेंदूच्या बुंध्याजवळ दोन छोटे काळसर पट्टे असतात, तिथल्या पेशी डोपामिन तयार करून लांब धाग्यांतून वरच्या भागाला पुरवतात. हालचालीची सगळी सफाई त्या पुरवठ्यावर अवलंबून. पार्किन्सन्समध्ये त्या पेशी मरत जातात, आणि पहिली थरथर दिसेपर्यंत निम्म्याहून अधिक गेलेल्या असतात. नव्या पेशी त्या जुन्या जागी लावल्या तर वयस्क मेंदूत इतका लांबचा धागा पुन्हा वाढत नाही. म्हणून त्या थेट वरच्या भागात, जिथे डोपामिन हवं तिथेच, सोडतात. धरणातलं पाणी आटलं म्हणून बांधाशीच शेततळं खोदावं, तसं.

या शेततळ्याने काही रुग्णांत खरोखर कमाल केली. काहींच्या मेंदूत ती कलमं वीस-वीस वर्षं जिवंत राहिली, गोळ्या बंद करता आल्या. पण काहींना काडीचाही फरक पडला नाही. शिवाय एका रुग्णासाठी अनेक गर्भांच्या ऊती एकाच वेळी लागायच्या. युरोपात अलीकडे झालेल्या अभ्यासात तर ऊती वेळेवर न मिळाल्याने ठरलेल्या कितीतरी शस्त्रक्रिया रद्द झाल्या. प्रयोगशाळेत हव्या तितक्या वाढवता येतील अशा पेशींचा शोध सुरू झाला तो याच अडचणीतून.

आता मी ज्यासाठी मागे गेले ती गोष्ट. अमेरिकेत ठरलं की नीट परीक्षा घेऊ. चाळीस रुग्ण घेतले. विसांच्या मेंदूत पेशी बसवल्या. उरलेल्या विसांच्या कवटीलाही छिद्रं पाडली, सगळा सोपस्कार तसाच केला, पण आत काही सोडलं नाही. कोण कुठल्या गटात हे रुग्णाला माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. माझ्या पिढीतल्या बऱ्याच डॉक्टरांना हा क्रूरपणा वाटला होता, मलाही. २००१ मध्ये निकाल आला. रुग्णांनी स्वतःच्या सुधारणेला दिलेल्या गुणांत दोन्ही गटांत फरक नव्हता. साठीच्या आतल्यांच्या काही चाचण्यांत फायदा दिसला, त्यापुढच्यांत नाही. आणि काही जणांना पुढे अशा वेड्यावाकड्या हालचाली सुरू झाल्या की गोळी कमी केली तरी थांबेनात. २००३ साली दुसऱ्या मोठ्या अभ्यासात पेशी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना हा त्रास झाला.

पहिल्या अभ्यासातल्या तीस रुग्णांचा पाठपुरावा एका चमूने केला. त्यांना आढळलं की वर्षभरानंतर कोण किती सुखात आहे हे खऱ्या पेशी कोणाला मिळाल्या यावर कमी आणि "मला पेशी मिळाल्या" असं कोण मानतं यावर जास्त ठरत होतं. यात ढोंग कोणाचंच नव्हतं. कॅनडात व्हँकूव्हरच्या संशोधकांनी २००१ मध्येच दाखवलं होतं की पार्किन्सन्सच्या रुग्णाला औषध म्हणून नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी मेंदूत खरोखरीचं डोपामिन सुटतं. आशा लागली की याच रुग्णाच्या मेंदूत याच रसायनाची सर येते. म्हणून या आजारात, "आमच्या काकांना फरक पडला" हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही त्यावरून उपचाराबद्दल काहीच कळत नाही. क्योटोच्या एकोणसत्तर वर्षांच्या रुग्णालाही हा नियम लागू आहे, म्हणूनच अमेरिकेतल्या त्या पेशींची आता शंभरेक रुग्णांवर, लुटुपुटुच्या शस्त्रक्रियेचा गट ठेवून, तिसऱ्या टप्प्याची परीक्षा सुरू झाली आहे. जपानमध्ये २०२५ साली या पेशी बनवणाऱ्या कंपनीने परवानगीसाठी अर्ज केला, पण तिथला कायदा थोड्या रुग्णांच्या पुराव्यावरही, अटी घालून आणि मुदत ठरवून, परवानगी देऊ शकतो. अशा परवानगीची बातमी भावाने दाखवली तर "अटी काय आहेत?" एवढंच विचारा.

तुमचे आप्पा कलम बांधणारे आहेत हे वाचून मला बरं वाटलं, कारण पुढची गोष्ट त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. डॉगरिजच्या खुंटावर थॉमसनची काडी पाचर मारून बसवली, पट्टी बांधली, कलम जीव धरून फुटलं, तरी जमिनीतला रोग काही गेलेला नसतो. २००८ साली असंच दिसलं. ११ ते १६ वर्षांपूर्वी ज्यांना पेशी बसवल्या होत्या असे काही रुग्ण वारले, त्यांचे मेंदू तपासले, तर बसवलेल्या तरुण पेशींपैकी काहींमध्ये पार्किन्सन्सच्या खुणेचे, चुकीच्या घडीच्या प्रथिनाचे गोळे सापडले. आजार शेजारून नव्या पेशींत शिरला असावा. बहुतेक पेशी तोपर्यंत काम देत होत्या, त्यामुळे हे काही सगळ्यावर पाणी पडणं नव्हे. पण पेशी बसवणं म्हणजे आजार मुळासकट काढणं नाही, हे तेव्हा पक्कं कळलं. बद्धकोष्ठ, झोपेतलं ओरडणं, स्मरणशक्ती, उदासी यांची मुळं मेंदूत इतरत्र आणि मेंदूबाहेरही असतात, त्यांना डोपामिनचं शेततळं पुरत नाही. अल्झायमरमध्ये तर पेशी एका ठिकाणच्या जात नाहीत, सगळीकडच्या जातात, म्हणून तिथे ही कल्पना अजून फारच दूर आहे.

आता साडेआठ लाखांच्या इंजेक्शनांकडे या. कमरेच्या हाडातल्या मज्जेत ज्या पेशी असतात त्या रक्त, हाड, चरबी तयार करण्याच्या कामाच्या. मणक्याच्या पाण्यात सोडल्या म्हणून त्या मेंदूत जाऊन, नेमकी जागा शोधून, डोपामिन बनवणाऱ्या मेंदूपेशी होत नाहीत. काही संशोधक म्हणतात की त्या पोषक रसायनं सोडत असतील. असतील, पण ते सिद्ध करायचं काम प्रयोगाचं आहे, तुमच्या बागेच्या पैशांचं नाही. एएलएस या, स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मारत जाणाऱ्या जीवघेण्या विकारासाठी हाडाच्या अशाच मज्जेतल्या पेशींवर एका कंपनीने खूप वर्षं काम केलं. रीतसर तिसऱ्या टप्प्याची परीक्षा झाली आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागारांनी १७ विरुद्ध १ मतांनी पुरावा अपुरा ठरवला. आणि ते तर प्रामाणिकपणे परीक्षेला बसलेले लोक होते.

तुमच्या गावात कोणी म्हणेल, अमक्याच्या पोराचा थॅलेसेमिया स्टेम सेलनेच बरा झाला. झाला असेल. रक्ताच्या आजारांत रक्त तयार करणाऱ्या पेशी बदलणं हा पक्का, मान्य उपचार आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नेमका हाच अपवाद आहे. रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज बाकी सगळीकडे स्टेम सेल फक्त मान्यता मिळालेल्या प्रयोगातच वापरायच्या, उपचार म्हणून विकायच्या नाहीत. स्वमग्न मुलांवर हा धंदा फार बोकाळला होता. तेव्हा राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीती मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये, तसं करणं हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा धरला जाईल असं स्पष्ट सांगितलं. मेंदूच्या विकारांवर औषधाची जाहिरात करण्याला तर १९५४ च्या चमत्कारी उपाय कायद्यापासून बंदी आहे. कायदा माझ्या वयाच्या आगेमागेचा आहे आणि माझ्यासारखाच दमलेला.

धोक्याचं बोलायचं तर स्वतःच्याच पेशींनी गाठ होण्याची भीती कमी, पण मणक्यात तीनदा सुई जाणार आणि जंतू आत गेले तर मेंदूज्वर होऊ शकतो. दुसऱ्याच्या पेशी असतील तर गोष्ट वेगळी. मॉस्कोत गर्भातल्या मेंदूपेशी टोचलेल्या एका इस्रायली मुलाच्या मेंदूत आणि मणक्यात दात्याच्याच पेशींच्या गाठी झाल्याचं २००९ साली छापून आलं आहे. त्यामुळे ऐनवेळी केंद्रात "तुमच्या पेशी कमी निघाल्या, बँकेतल्या घालतो" असं म्हणाले तर तिथून उठून या.

भावाशी बोलताना माझा हा लेख त्याच्या तोंडावर फेकू नका, ते आणखी एका शहाणीने शिकवल्यासारखं होईल. त्यापेक्षा एक काम दोघांनी मिळून करा. सकाळी सहाला, पहिल्या गोळीच्या आधी, आप्पांचा अंगणात चालतानाचा व्हिडिओ काढा. गोळी दिल्यावर तासाभराने, अंग मोकळं झालं की त्याच अंगणात पुन्हा काढा. दोन्ही जोडून त्याला दाखवा आणि केंद्राच्या काकांचा व्हिडिओ शेजारी लावा. तुम्हाला काही बोलावंच लागणार नाही. असा चमत्कार पार्किन्सन्सच्या प्रत्येक घरात एका गोळीच्या किमतीत रोज घडतो, कॅमेरा कधी चालू करायचा एवढंच ठरवावं लागतं.

मग त्यालाच केंद्राला फोन लावू द्या, स्पीकर चालू ठेवून. हा प्रयोग असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीतला, म्हणजे सीटीआरआयचा क्रमांक काय? २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. क्रमांक दिला तर उघडून बघा की त्यात पार्किन्सन्सच लिहिलंय का आणि परवानगी संपलेली नाही ना. दुसरं विचारा, प्रयोग असेल तर पैसे कशाचे? प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, उलट इजा झाली तर २०१९ च्या नियमांप्रमाणे भरपाई द्यावी लागते. आणि जर म्हणाले की हा प्रयोग नाही, उपचारच आहे, तर वर सांगितलेली मार्गदर्शक तत्त्वं काय म्हणतात ते विचारा. या एका कात्रीत बहुतेक फोन लवकर बंद होतात.

आता साडेआठ लाख न घालवता काय करता येईल ते. मला तुमच्या पत्रातल्या तीन ओळी जाहिरातीपेक्षा जास्त मोलाच्या वाटल्या.

पहिली म्हणजे, दुपारी जेवणानंतरची गोळी चढत नाही. लेवोडोपा, तुमच्याकडे बहुधा सिंडोपा म्हणून येत असेल, ती आतड्यातून आत जाताना प्रथिनांच्याच दारातून जाते. डाळ, उसळ, दूध, अंडी, मटण पोटात असलं की त्या दारात रेटारेटी होते आणि गोळी मागे राहते. गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर द्या. दुधाबरोबर नको. प्रथिनं बंद करायची नाहीत, आप्पांचं वजन उतरेल. त्यातला मोठा वाटा रात्रीच्या जेवणात ढकला. बद्धकोष्ठ असेल तर त्यावर उपाय करा, पोट साफ नसलं तरी गोळी अडकते. तीन दिवस वहीत लिहा की गोळी कधी, जेवण कधी, अंग मोकळं कधी, कडक कधी, आणि ती वही न्यूरोलॉजिस्टपुढे ठेवा. नऊ वर्षांत गोळीचा असर तोकडा होणं अपेक्षितच असतं आणि वेळा बदलून, मात्रा तोडून, दुसरं औषध जोडून बरंच साधता येतं. ही गोळी एकाएकी मात्र कधीही बंद करू नका, केंद्राने सांगितलं तरी नाही. ते जिवावर बेतू शकतं. शिवाय आप्पांच्या बाकीच्या गोळ्यांची पिशवी दाखवा. चक्करेसाठी सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन, मळमळीसाठी मेटोक्लोप्रामाइड चालू असेल तर तीच डोपामिनची वाट अडवत असेल. गावोगावी ही औषधं सर्रास दिली जातात. मी अशा दोन गोळ्या थांबवून माणसं उभी राहिलेली पाहिली आहेत.

दुसरी ओळ उंबऱ्याची. वहिनींना सांगा की हे सोंग नाही, आजाराची ओळखीची खूण आहे. आपण चालतो ते विचार न करता, आणि ते आपोआपचं चालणं सांभाळणाऱ्या भागालाच डोपामिन मिळत नाही. दार, अरुंद जागा, वळण आलं की पाय गोठतात. पण डोळ्यांना समोर ठरावीक अंतरावर काही दिसलं, खांब, वेल, ठिबकच्या नळ्या, की मेंदू दुसऱ्या वाटेने पाऊल टाकतो. म्हणून आप्पा ओळीतून चालतात. घरात हीच ओळ तयार करा. उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे फरशीवर रंगीत चिकटपट्ट्या लावा, एकेका पावलाच्या अंतराने. अडले तर ओढू नका, ढकलू नका. थांबू द्या, "एक, दोन" म्हणा, पट्टीवर पाय टाकायला सांगा. आणि घरामागची जी एकर भावाने विकायला काढली आहे, ती आप्पांचा रोजचा व्यायाम आहे, हेही लक्षात असू द्या.

तिसरी ओळ अशी की गोळीने दोन तास का होईना, बरं जातं. ज्यांना लेवोडोपाने अजून नीट फरक पडतो पण तो टिकत नाही, अशांसाठी मेंदूत तारा बसवून विजेची सूक्ष्म चेतना देण्याची शस्त्रक्रिया असते, डीबीएस म्हणतात. तीही महाग आहे, लाखांतच जाते, पण तिच्यामागे दोन दशकांहून जास्त काळाचा कसून घेतलेला पुरावा आहे. पुण्या-मुंबईत ती होते. ७१ हे वय काठावरचं आहे, स्मरणशक्ती आणि मनाची तपासणी लागेल, आणि कदाचित नाही म्हणतील. पण मोठा खर्च करायची भावाची तयारीच असेल तर आधी तो प्रश्न न्यूरोलॉजिस्टला विचारायचा. आणि जमलं तर त्याला मुंबईच्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीच्या किंवा पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या लोकांशी बोलायला लावा. जाहिरातीतल्या काकांपेक्षा दहा-पंधरा वर्षं हा आजार घेऊन जगणारे खरे काका-काकू तिथे भेटतील.

वाटणीच्या टोमण्याचं औषध माझ्याकडे नाही. बाग वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर तुमचाही तिच्यात हक्क आहे आणि विक्रीच्या कागदावर तुमची सही मागितली जाईल, तेव्हा तो शब्द पुन्हा निघणारच. त्यापेक्षा आजच म्हणून टाका की आप्पांच्या उपचारात माझाही वाटा धर, न्यूरोलॉजिस्टची फी आणि प्रवास माझ्याकडे. एक गोष्ट मात्र मला खटकली. एवढ्या मोठ्या पत्रात आप्पा स्वतः काय म्हणतात ते एकदाही आलेलं नाही. आजाराने हातपाय अडवलेत, कलमाची जाण अजून डोक्यातच आहे. त्यांना गोळी चढलेली असताना, सकाळी, बागेत बसून सगळं सांगा. काडी कुठली, खुंट कुठला, किती बांधली, किती जगली, हे प्रश्न ते आपणहून विचारतील, आणि भाऊ ते त्यांच्याकडूनच ऐकेल.

२५ हजारांचं. पावती, जाहिरातीचे फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आजच जपून ठेवा, भावाच्या फोनमधून ते उडायच्या आत. उपचार सुरू झालेला नाही, बुकिंग रद्द करतो, रक्कम परत करा, असं ईमेलने आणि पोच घेऊन पत्राने कळवा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, नंतर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, डॉक्टरविरुद्ध तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. मिळतीलच असं वचन मी देत नाही. ते म्हणतील की बुकिंग परत होत नाही, पण उपचाराला आलात तर त्यात वळतं करू. तेव्हा भावाला एवढंच विचारा, की गेलेल्या २५ हजारांपायी उरलेले सव्वाआठ लाख घालायचे का. आणि सकाळचा तो व्हिडिओ काढाल तेव्हा आप्पांचे पाय आणि चेहरा दोन्ही दिसतील असा धरा. पुढच्या तपासणीला तो डॉक्टरांनाही दाखवायचा आहे.